सहावा गठ्ठा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार-पाच तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून निघाली आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा पांढरपेशा वस्त्यांच्या तळमजल्यांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. सैन्याच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या, माणसे दगावली, मोरभवन बसस्थानकातल्या बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. हे सगळे तेव्हा छापून आले. छापून न आलेली गोष्ट पुढचे काही दिवस गच्च्यांवर दिसत होती. गाद्या, सोफ्याच्या उशा आणि त्यांच्या शेजारी दगड ठेवून वाळत घातलेले कागद. खरेदीखत, मुलांच्या गुणपत्रिका, विम्याचे बाँड, पेन्शनचा पीपीओ.

सरकारने घरटी दहा हजारांची मदत जाहीर केली. पंचनाम्याला माणसे आली तेव्हा आधार आणि बँकेचे पासबुक काढायचे होते, आणि पुष्कळांचे आधार-पासबुक त्या वेळी दोरीवर होते.

‘‘वरच्या कप्प्यातल्या साड्या वाचल्या जी, लॉकरही वाचलं,’’ डागा ले-आउटमधल्या सत्तरीच्या एक बाई सांगत होत्या. ‘‘कागदं मात्र दिवाणात होते न. गादी उचलून पाहतो तर सगळा लगदा.’’

दिवाणात कागद ठेवणे ही नागपुरी घरांची जुनी खोड आहे. तिला कारणही आहे. इथल्या घरात जागा ऋतूप्रमाणे वाटली जाते. उन्हाळ्यात वर्षाचे गहू-तांदूळ भरले जातात, तुरीची डाळ येते, कुरडया-पापडांचे डबे येतात आणि कोठीची खोली भरते. पावसाळ्यानंतर खिडकीतला कुलर खाली उतरतो आणि चार महिने कुणाच्या तरी वाटेत उभा राहतो. त्याच सुमाराला गाद्या-रजया माळ्यावरून खाली येतात. या सगळ्या उलाढालीत कागदांना स्वतःची जागा मिळत नाही. मिळते ती उरलेली जागा. आणि घरात सर्वांत शेवटी उरणारी जागा म्हणजे दिवाणाचे पोट. जमिनीपासून वीतभर उंच, हवा बंद, वर गादी आणि गादीवर बसलेला पाहुणा.

भिजलेल्या कागदांचे काय करायचे हे लोकांना माहीत नव्हते. कडक उन्हात टाकले, इस्त्री फिरवली, चिकटलेली पाने ओढून वेगळी केली. तिन्ही चुकीचे. भिजलेला कागद सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये कोरा शोषणारा कागद घालून वाळवायचा असतो. साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात हात पोचणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवायचा, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीने एकेक पान सोडवता येते. पुराभिलेखांची निगा राखणारे जगभर हेच करतात. बॉलपेनची अक्षरे बहुधा वाचतात. शाईच्या पेनाने लिहिलेली जुनी खते मात्र फुटतात, आणि जुन्या खतांवरच्या सह्या नेमक्या शाईच्या असतात.

पूर रोज येत नाही. कागद मात्र रोज हरवतात, कोरड्या घरांत, कुणी न भिजवता. या शहरात त्याचे आश्चर्य वाटावे, कारण नागपूर हे दप्तरावर पोसलेले गाव आहे. १९५६ पर्यंत राजधानी होते. सचिवालय गेले तरी कचेऱ्या राहिल्या. महालेखाकार, रिझर्व्ह बँक, रेल्वेचे दोन-दोन विभाग, वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे वेकोलि, भारतीय खाण ब्युरो, विभागीय आयुक्तालय. एका गल्लीत दहा घरे असतील तर त्यातल्या चार-पाच घरांतले कुणी ना कुणी आयुष्यभर फायलीच हाताळत आले असेल. कचेरीत पन्नास वर्षांपूर्वीचा कागद दहा मिनिटांत काढून देणारा माणूस घरी येऊन बायकोला विचारतो, ‘‘गॅसचं पुस्तक कुठं ठेवलं बे ते?’’

याला अपवाद असलेले एक गृहस्थ नंदनवनमध्ये राहतात. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे जाण्याचे कारण इतकेच की त्यांच्या घरात कागद सापडतो, असे त्यांच्या सुनेने सांगितले होते. सासऱ्याच्या बाबतीत सुनेची साक्ष सहसा खरी असते.

हॉलच्या कोपऱ्यात लोखंडी आलमारी. छातीच्या उंचीचा कप्पा फक्त कागदांचा. त्यात सहा जाड पुठ्ठ्याच्या बॉक्स फायली, पाठीवर मार्करने १ ते ६ आकडे. नाव कशावरही नाही. ‘‘चोराला कशाला सांगायचं कोणत्या डब्यात काय आहे,’’ काका म्हणाले, आणि मग एकेक उघडून दाखवू लागले.

ज्यांनी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेरीत दिवस काढले आहेत त्यांना हे सहा आकडे ओळखीचे वाटतील. ही सहा गठ्ठा पद्धत. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे. पहिला, ज्यावर आपल्याला काही करायचे आहे ते. दुसरा, ज्यावर आपण केले आणि आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहतो ते. तिसरा नियतकालिकांचा, म्हणजे ठरावीक तारखेला पाठवायच्या गोष्टी. चौथा स्थायी आदेशांचा. पाचवा, काम संपून अभिलेख कक्षात जायचे ते. आणि सहावा नष्ट करायचे ते. काकांच्या घरात पहिल्या फाईलमध्ये मालमत्ता कराची मागणी आणि नातवाच्या शाळेची सूचना होती. दुसऱ्यात विम्याच्या दाव्याची पोच आणि दुरुस्तीला दिलेल्या मिक्सरची चिठ्ठी. तिसऱ्यात महिना-वर्षाच्या तारखा असलेले: गाडीचा विमा, पीयूसी, मुदत ठेवींच्या पावत्या, हयातीचा दाखला. चौथ्यात, म्हणजे स्थायी आदेशांच्या जागी, घराचा कायम लागणारा मजकूर, ज्यात रक्तगट, औषधांची यादी आणि नळाच्या मुख्य कॉकचा नकाशासुद्धा. हे वाचून हसू येईल, पण वरच्या मजल्यावर नळ फुटल्यावर खालचा कॉक कुठे आहे हे शोधत अर्धा तास घालवलेला माणूस हसणार नाही.

कचेरीत या गठ्ठ्यांच्या जोडीला आणखी एक शिस्त असते, अभिलेखांच्या वर्गांची. ‘अ’ म्हणजे कायम जपायचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. कागद जन्मतःच आपल्या मरणाची तारीख घेऊन येतो. आपल्याकडे घरात नेमके हेच होत नाही. २००९ चे केबलचे बिल आणि खरेदीखत एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, सारख्याच मानाने राहतात.

१९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला होते. त्यांनी कलेक्टर कचेरीचे दप्तर लावलेच, पण त्याबरोबर माणसांची बसण्याची रचना आणि कामाची रीतही बदलली. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्राच्या प्रशासनात अजून घेतले जाते. त्यातला मला पटलेला भाग असा की कागद आणि जागा ही दोन वेगळी कामे नाहीत. टेबल जिथे आहे तिथून कागदाची वाट ठरते. घरातही तेच. फाईल कितीही सुंदर आणली तरी ती बेडरूमच्या आलमारीत साड्यांच्या खाली असेल तर आलेले पत्र तिथपर्यंत जाणार नाही. ते फ्रीजवर थांबेल.

फ्रीजचा वरचा भाग हा मराठी घराचा आवक विभाग आहे, हे एकदा कबूल करून टाकावे. तिथे पत्रिका, पावत्या, डॉक्टरची चिठ्ठी, एक चुकार किल्ली आणि संपलेला सेल असतो. गृहसजावटीचे सल्लागार तो भाग मोकळा ठेवायला सांगतात; तो कुणाच्याही घरी मोकळा राहत नाही. त्यापेक्षा तिथे एक उथळ टोपली ठेवावी आणि तिलाच पहिला गठ्ठा म्हणावे. टोपली भरली की रविवारी सकाळी पोहे व्हायच्या आत उपसायची. टोपली मोठी मात्र घेऊ नये. मोठ्या टोपलीत सहा महिने मावतात.

तसेच भिंतीवरच्या कालनिर्णयचे. १९७३ पासून हे कॅलेंडर घराघरांत आहे आणि त्यात दुधाचा खाडा, सिलेंडर लावल्याची तारीख, बाईची सुट्टी लिहिण्याची रीत तितकीच जुनी. ज्या घरात डायरी टिकत नाही तिथे तो चौकोन टिकतो, कारण तो उभ्या-उभ्या लिहिता येतो आणि सगळ्यांना दिसतो. मोबाइलमधल्या आठवणीपेक्षा तो बरा, असे माझे मत आहे. मोबाइलची आठवण एकट्यालाच येते.

आता सहावा गठ्ठा. काकांनी तो सर्वांत शेवटी काढला आणि तिथेच मला या सगळ्या पद्धतीचे मर्म दिसले. ‘‘कचेरीत ‘ड’ असाच फाडता नाही येत,’’ ते म्हणाले. ‘‘यादी करा, साहेबाची सही घ्या, मग नष्ट. घरी यादी करणारे सगळे, सही करणारा कोणी नाही. म्हणून घरातला कागद कधी मरत नाही.’’ खरे आहे. आपल्याला कागद ठेवायला धैर्य लागत नाही, टाकायला लागते. ‘असू दे, लागेल कधी’ हे वाक्य म्हणायला परवानगी लागत नाही. काकांच्या घरात तोडगा साधा आहे: दिवाळीच्या आधीच्या रविवारी ते टाकायच्या कागदांची यादी वहीच्या पानावर करतात आणि काकूंची सही घेतात. काकूंनी गेल्या वेळी दोन गोष्टी यादीतून काढून परत ठेवायला लावल्या. त्यातली एक मुलीच्या बालवाडीतले चित्र होते. ‘‘ते कायम वर्गात गेलं,’’ काका म्हणाले.

टाकणे म्हणजे कबाड्याला वजनावर देणे नव्हे, हे वेगळे सांगायला हवे. आधारची झेरॉक्स, बँकेचे स्टेटमेंट, सही असलेला रद्द धनादेश यांच्या आधी फाडून चिंध्या कराव्यात. आपल्या पॅन कार्डाच्या प्रतीत कुणी तरी चणे बांधून नेतो आहे, ही कल्पना गमतीची वाटते तोवरच ठीक.

काय टाकायचे याबद्दल मारी कोंडो या जपानी बाईंचा सल्ला जगभर गाजला. २०१४ मध्ये त्यांचे पुस्तक इंग्रजीत आले आणि पुढे आपल्याकडच्या फ्लॅटांतही पोचले. कागदांबद्दल त्यांचे म्हणणे सरळ आहे: जवळजवळ सगळे टाका. कपड्यांबाबत त्यांचे ऐकावे. कागदांबाबत नागपूरच्या माणसाने ऐकू नये. जपानमध्ये कुटुंबाची नोंदवही, कोसेकी, नगरपालिकेकडे असते; जन्म, लग्न, मृत्यू, वंश सगळे तिथे. आपल्याकडे सरकार नागरिकालाच विचारते, तुमचे पणजोबा कोण होते ते दाखवा.

श्रद्धानंदपेठेतल्या सामाजिक न्याय भवनाच्या आवारात मे-जूनमध्ये उभे राहिले की हे कळते. मुलगा बारावी होतो, सीईटी देतो आणि मग घरात पणजोबांचा शोध सुरू होतो. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा चौथी शिकले असतील तर गावच्या प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. शिकलेच नसतील तर कोतवाल बुकातली जन्माची नोंद, अधिकार अभिलेख पंजी, जुने फेरफार. काही उतारे हिंदीत, कारण तेव्हा मध्य प्रांत होता. नावापुढे ‘वल्द’ लिहिलेले. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा तहसिलींच्या तळघरांतले असलेच कागद बाहेर निघाले, मोडीतले आणि उर्दूतलेसुद्धा.

यातली खरी हळहळ अशी की अनेक घरांत हा पुरावा एकदा मिळवलेला असतो. मोठ्या काकांच्या वेळी कुणी तरी मौद्याला किंवा काटोलला खेटे घालून उतारा काढलेला असतो. काम झाले आणि कागद गेला, कुठे ते कुणाला ठाऊक नाही. वीस वर्षांनी पुतण्या पुन्हा तेच रजिस्टर शोधायला जातो. तोवर शाळेची इमारत बदललेली असते, पानाची कड झडलेली असते. म्हणून हा उतारा मिळाला की त्याच्या दोन-तीन साक्षांकित नकला काढाव्यात आणि भावंडांत वाटाव्यात. लग्न होऊन पुण्याला गेलेल्या बहिणीलाही द्यावी. तिचा पुरावा लग्नानंतरही माहेरच्याच आलमारीत असतो, आणि ही गोष्ट भावाच्या लक्षात बहुधा राहत नाही.

नागपूरच्या ‘अ’ वर्गात आणखी एक भर असते, प्लॉटची. १९७०-८० च्या दशकांत लोकांनी शेतजमिनीवर पाडलेल्या ले-आउटांत प्लॉट घेतले, घरे बांधली. मग २००१ चा गुंठेवारी कायदा आला. इथल्या वर्तमानपत्रांत ‘१९०० ले-आउट’ आणि ‘५७२ ले-आउट’ हे आकडे वस्तीच्या नावासारखे छापले जातात. नागपूर सुधार प्रन्यासकडून मिळणारे नियमितीकरण पत्र, ज्याला सगळे नागपूर ‘आरएल’ म्हणते, ते आले की घरात पेढे वाटले गेले. त्या आरएलच्या मागे डिमांड नोटही असते आणि विकास शुल्काच्या पावत्याही असतात. लोक पत्र जपतात, पावत्या टाकतात. घर विकताना किंवा बँकेचे कर्ज काढताना पावत्याही मागितल्या जातात. त्या ‘अ’ मध्येच घालाव्यात. जुन्या वस्तीत नझूलची जागा असेल तर भाडेपट्टा, त्याचे नूतनीकरण आणि भूभाटकाच्या पावत्या हा वेगळा संच. खरेदीखत हरवले तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल मिळते, नगर भूमापनकडून आखीव पत्रिका मिळते. पण मूळ खत नसेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि बँकेच्या वकिलाचे प्रश्न, इतके सव्यापसव्य ठरलेलेच.

याउलट विजेची बिले. या शहरातल्या जुन्या घरातली बिलांची थप्पी चाळली तर एकाच मीटरवर विद्युत मंडळ, २००५ नंतर महावितरण, २०११ पासून स्पॅन्को, मग एसएनडीएल आणि सप्टेंबर २०१९ पासून पुन्हा महावितरण अशी नावे दिसतात. इतिहास म्हणून हवे असेल तर प्रत्येक नावाचे एक बिल ठेवा. बाकी एक वर्षाची बिले आणि भरल्याची शेवटची पावती पुरते. डॉक्टरांची फाईल मात्र पातळ करताना विचार करावा. जुन्या औषधचिठ्ठ्या जाऊ द्याव्यात. डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेची नोंद जाऊ देऊ नये.

कागदाला इथल्या हवेचाही जाच असतो. २३ मे २०१३ ला नागपूरचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते, आणि पश्चिमेच्या भिंतीतल्या आलमारीत हात घातला तर एरवीच्या मे महिन्यातही आतली फाईल कोमट लागते. या उन्हाने रबरबँड वितळतो आणि कागदाला चिकटतो. सोडवायला जावे तर अक्षरांसकट निघतो. म्हणून गठ्ठ्याला रबर नको, सुती नाडी हवी, कचेरीतली लाल लेस उत्तम. टाचण्या आणि स्टेपल कुलरच्या दमटपणाने गंजतात. कुलरच्या झोतासमोरची आलमारी ही कागदांसाठी घरातली सर्वांत वाईट जागा, दिवाणाच्या खालोखाल. पावसाळ्यात उदई लागते. भिंतीला टेकलेल्या लाकडी फळीवर ठेवलेली थप्पी ती मागून पोखरत येते आणि समोरून काही दिसत नाही. लोखंडी आलमारी, भिंतीपासून चार बोटे पुढे, आणि वर्षातून दोनदा सगळे बाहेर काढून झटकणे, याला पर्याय नाही. दुकानाचे बिल, एटीएमची चिठ्ठी, ईसीजीची पट्टी हे सगळे उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. तो कागद एका उन्हाळ्यात पांढरा पडतो. फ्रीजची वॉरंटी दहा वर्षांची आणि बिल दहा महिन्यांत कोरे! घेतल्या दिवशी झेरॉक्स काढावी.

लॅमिनेशनबद्दल मी जरा ठाम बोलतो. गुणपत्रिका, जन्मदाखला, खत, काहीही मूळ लॅमिनेट करू नये. उठावाचा शिक्का सपाट होतो, मागच्या बाजूला नवी नोंद घेता येत नाही, आणि एकदा चढवलेले प्लास्टिक कागद फाडल्याशिवाय उतरत नाही. साधे पारदर्शक पाकीट पुरते.

आता सगळे मोबाइलमध्ये आहे की, असे तरुण म्हणतात. काही अंशी आहे. डिजिलॉकर १ जुलै २०१५ ला सुरू झाले आणि त्यातून मिळालेला दाखला कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, पासपोर्ट, आधार यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून एकटा जन्मदाखलाच धरावा, अशी कायद्यात दुरुस्ती झाली आहे. त्या मुलांची आलमारी कदाचित रिकामी असेल. पण १९५० चे रजिस्टर डिजिलॉकरमध्ये नाही, १९८४ ची प्लॉटची पावती नाही. आणि आईच्या मोबाइलमध्ये सातबाऱ्याचा फोटो असतो तो ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांमध्ये, चार हजार चित्रांच्या खाली. फोटो काढला तर त्याला नाव द्यावे, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावा आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसाला पाठवावा.

दुसरा माणूस, सगळे त्याच्यापाशी येऊन थांबते. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात कोविडने ज्या घरांतली कर्ती माणसे नेली त्या घरांत पुढचे महिने कागदांच्या शोधात गेले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीवर शिक्कामोर्तब केले. तिच्यासाठी मृत्यूचा दाखला हवा, तपासणीचा अहवाल हवा, वारसाचे बँक खाते हवे. प्रतापनगरमधल्या एका बाईंना नवऱ्याची विमा पॉलिसी आहे हे माहीत होते, पण कोणत्या शाखेची ते नाही. ‘‘त्यांचं सगळं व्यवस्थित होतं हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फक्त त्यांनाच माहीत होतं.’’

एकट्याला समजणारी व्यवस्था ही व्यवस्था नव्हेच. दहा वर्षे व्यवहार न झालेली ठेव बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. फेब्रुवारी २०२३ अखेर एकट्या सरकारी बँकांनी अशा ३५,०१२ कोटी रुपयांच्या ठेवी तिकडे वळवल्या होत्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ नावाचे पोर्टल काढले. नाव आणि पॅन घालून आपल्या माणसाची विसरलेली ठेव त्यावर शोधता येते. वडील किंवा सासरे गेले असतील तर एकदा बघाच. हे पैसे बुडालेले नाहीत, कुणी मागायला आलेले नाही एवढेच.

नंदनवनच्या काकांच्या पहिल्या फाईलच्या झाकणाला आतून एक पान चिकटवलेले आहे. ते पान त्यांनी सर्वांत आधी दाखवायला हवे होते, पण त्यांना त्याचे विशेष वाटत नव्हते. पीपीओ क्रमांक, दोन बँकांच्या शाखा, तीन पॉलिसींचे क्रमांक, आरएल कोणत्या गठ्ठ्यात, लॉकरची किल्ली कुणाकडे, मी गेल्यावर आधी कुणाला फोन करायचा. पासवर्ड एकही नाही. खाली तारीख आणि दर वर्षी नवी सही. सुनेने ते पान वाचलेले आहे. मुलाने नाही, असे सून म्हणाली.

तुमच्या घरी सहा फायली नसतील तर नसू द्या. एक बॉक्स फाईल ‘अ’ची, छातीच्या उंचीवर, एक टोपली, एक वर्षाचे कागद ठेवायची एक पिशवी, जी पुढच्या दिवाळीला फाडायची, आणि ते एक पान, एवढ्याने सामान्य घर चालते. पान मात्र दोघांनी मिळून लिहा, आणि टाकायच्या यादीवर ज्याने यादी केली नाही त्याची सही घ्या. नोव्हेंबरमध्ये घरातले कुणी ना कुणी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाईलच. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीच्या खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. त्याच फेरीत तो अर्ज मागून घ्या, आणि पोचपावती तिसऱ्या गठ्ठ्यात लावा.